मुंबईत एक शनिवार रात्र: आधी गाणं, मग मासे, मग बार

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून सहा जण येताय, शनिवारची एकच रात्र हातात आहे, लाइव्ह म्युझिक पाहिजे, मासे खायचेत, एखाद्या जुन्या बारमध्ये निवांत बसायचंय, सहातले दोघं पीत नाहीत, एकजण शुद्ध शाकाहारी, मुक्काम दादरला, आणि बिल बघून घाम फुटायला नको. शेवटी लिहिलंय 'ठिकाणांची नावं द्या'.

नावं देतो. पण मी मुंबईत लाइव्ह साउंडचं काम करतो, म्हणजे नाटक असो, ऑर्केस्ट्रा असो, पबमधला बँड असो की हॉटेलातली गझल, सगळ्यात मागे मिक्सरपाशी जो माणूस उभा असतो आणि ज्याच्याकडे लोक फक्त आवाज फाटल्यावर वळून बघतात तो मी. त्यामुळे रात्री बाहेर पडलेली माणसं मी रोज बघतो, आणि बहुतेकांची रात्र क्रमामुळे बिघडते. सात वाजता बारमध्ये बसतात, नऊला म्हणतात अरे शो होता ना, अर्धा शो गेल्यावर पोचतात, तिथे मोठ्याने गप्पा मारतात, बाराला भूक लागते तोवर किचन बंद झालेलं असतं, आणि मग सगळे मिळून कुठल्यातरी गाडीवर भुर्जीपाव. भुर्जीपाव वाईट नाही, पण त्यासाठी नाशिकहून यायची गरज नव्हती.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आधी कार्यक्रम, मग जेवण, मग बार. आणि हे काही माझं शिस्तीचं खूळ नाही, या शहराची घड्याळंच तशी लावलेली आहेत.

पहिलं घड्याळ रात्री दहाचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्याप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद हॉल, ऑडिटोरियम वगैरेंना सूट आहे, पण गच्चीवरचा, अंगणातला, समुद्राकडे उघडा असलेला जो काही झकास फोटो तुम्ही बघितला असेल तिथला बँड दहाला थांबणार म्हणजे थांबणार. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, त्यातले बरेचसे गणपती नवरात्रातच संपतात. तेव्हा रूफटॉपवर 'लाइव्ह म्युझिक नऊपासून' लिहिलेलं असेल तर समजून घ्या की तुम्हाला एक तास मिळणार, आणि त्यातली दहा मिनिटं 'हॅलो चेक वन टू' मध्ये जाणार.

दुसरं घड्याळ किचनचं. बार उघडा असला तरी किचन चालू असेलच असं नाही. मोठ्या परमिट रूममध्ये साडेबारापर्यंत ताट मिळतं, पण नावाजलेल्या जेवणाच्या जागांमध्ये साडेअकराच्या आसपास कॅप्टन येऊन 'सर लास्ट ऑर्डर' म्हणतो, आणि लास्ट ऑर्डरला आलेला मासा आणि नऊला आलेला मासा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण तोवर आचारी भांडी घासायच्या मूडमध्ये गेलेला असतो.

तिसरं दीडचं. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमची वेळ रात्री दीडपर्यंत. २०२० च्या जानेवारीत 'मुंबई चोवीस तास' असं बरंच गाजलं, मॉल, हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, पण दारूची वेळ तीच राहिली. सव्वाला दिवे लागतात, पावणेदोनला शटर अर्धं.

आणि चौथं लोकलचं. चर्चगेट आणि सीएसएमटीहून शेवटच्या गाड्या साडेबारा-एकच्या दरम्यान सुटतात, मग चारच्या सुमारास पहिली. नवीन भुयारी मेट्रो तीन जाताना मस्त आहे, दादरला बसलात की थेट चर्चगेट किंवा विधानभवन, एसी, घाम नाही, इस्त्री शाबूत. पण ती साडेदहाच्या आसपास बंद होते, तिच्या भरवशावर परत यायचं नाही.

आता तुमची रात्र.

मी तुमच्या जागी असतो तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपासून (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सुरुवात केली असती. लोकांना वाटतं ते श्रीमंतांचं आणि इंग्रजीवाल्यांचं आहे, तिथे आपण काय करणार. पण हिंदुस्थानी शास्त्रीय, जॅझ, नाटक, गझल सगळं होतं, आणि तिकीट बऱ्याचदा पबच्या कव्हर चार्जपेक्षा, म्हणजे आत शिरायच्या पैशांपेक्षा, स्वस्त पडतं, काही कार्यक्रम तर फुकट असतात. कार्यक्रम साडेसहा-सातच्या सुमारास सुरू होतो, साडेआठ-नऊला संपतो, म्हणजे पुढची सगळी रात्र मोकळी. आणि टाटा थिएटरबद्दल एक साउंडवाला म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. १९८० साली उघडलं, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन, अकूस्टिक्स, म्हणजे आवाजाची आखणी, सिरिल हॅरिस यांची, हजाराच्या वर खुर्च्या आणि तरी माइकशिवाय गायलेलं ऐकू यावं अशा हिशोबाने बांधलेलं. तिथे माझ्यासारख्या माणसाला जवळजवळ कामच नसतं, तंबोऱ्याचा झंकार मागच्या रांगेपर्यंत आपोआप पोचतो, आणि आम्ही इतर ठिकाणी लाखो रुपयांच्या यंत्रांनी जे करायचा प्रयत्न करतो ते तिथे भिंती आणि छत करतात. त्यांचा स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा पण आहे, २००६ पासून, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे सीझन असतात. ऐंशी-नव्वद माणसं एकत्र वाजवतायत आणि एकही स्पीकर नाही, हे आयुष्यात एकदा तरी ऐकावं, आवडो न आवडो.

वेळेवर जा मात्र. नाटकाला आपण 'पहिली घंटा झाली का' विचारत वडा संपवतो तसलं तिथे चालत नाही, दार लावलं की लावलं.

बाहेर आलात की समोर समुद्र. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर वीस मिनिटं बसा, फुकट आहे, पोटात जागा होते. मग चर्चगेटकडे वळा. हा जो वीर नरिमन रस्ता आहे, पूर्वीची चर्चगेट स्ट्रीट, इथे पन्नास-साठच्या दशकात एका रांगेत रेस्टॉरंटं होती आणि जवळजवळ प्रत्येकात रोज रात्री बँड वाजायचा. वाजवणारे बरेचसे गोव्याचे, दुपारी स्टुडिओत हिंदी सिनेमाच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचे आणि रात्री इथे जॅझ. त्याआधी तीसच्या दशकात ताजमध्ये अमेरिकेहून आलेले काळे कलाकार वाजवायचे, त्यांच्याकडून ही मंडळी शिकली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी ही नावं आमच्या धंद्यात अजून आदराने घेतात. मुंबई आणि गोवा याबाबतीत वेगळे करताच येत नाहीत, कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांचं नाटक, तेसुद्धा पहिल्यांदा उभं राहिलं ते गोव्यात नाही, मुंबईत, १७ एप्रिल १८९२ ला. त्या रांगेतलं गेलॉर्ड अजून आहे, १९५६ पासून, बाहेर बसायला जागा आहे, केक पेस्ट्री चांगली असते. बँड मात्र आता नाही. करमणूक कर वाढला, चव बदलली, एकेक बंद होत गेलं.

तिथून टॅक्सीने किंवा चालत फोर्ट. मासे खायचेत तर मी फोर्ट सोडून कुठे जाणार नाही, आणि मालवणी-गोमंतकीयवाले रागावतील पण रात्री बिअरबरोबर मासे खायचे तर मंगलोरी हॉटेलच बरं. मालवणी ताट हे दुपारी खायचं आणि झोपायचं. महेश लंच होम फोर्टात १९७० च्या दशकापासून आहे, हॉर्निमन सर्कलजवळ अपूर्वा आहे, काळाघोड्याला तृष्णा आहे जिथे बटर गार्लिक क्रॅबसाठी परदेशी पाहुणे रांग लावतात. सहा जणांचं मध्यम बजेट म्हणाल तर अपूर्वा किंवा महेश. सुरमई तवा, बोंबील, गस्सी (नारळाची मंगलोरी करी) आणि नीर डोसा (तांदळाचा पातळ डोसा), शेवटी सोलकढी. खेकडा मागवलात तर वेटर जिवंत खेकडा परातीत घेऊन टेबलाशी येतो, पोरंटोरं खूश होतात, पण त्या क्षणी हसत हसत वजन आणि भाव दोन्ही विचारून घ्यायचं. मेन्यूत 'ॲज पर साइज' लिहिलेलं असतं आणि सगळा घाम तिथेच फुटतो. दोन मध्यम खेकडे सहा जणांना चाखायला पुरतात, पोट भरायला गस्सी आहेच.

तुमच्यातल्या शाकाहारी माणसाबद्दल: मंगलोरी हॉटेलात नीर डोसा, दाल, भाजी मिळते, उपाशी राहणार नाही, पण शेजारी पाच जण खेकडे फोडतायत हे त्याला आधी सांगून ठेवा. अगदीच जमत नसेल तर त्याने संध्याकाळी दादरहून निघतानाच आस्वाद किंवा प्रकाशला पोटभर खावं, थालीपीठ, साबुदाणा वडा, पियूष. या जागा रात्री लवकर आवरतात, त्यामुळे परत आल्यावर मिळेल या आशेवर राहू नका.

साडेअकरापर्यंत जेवण झालं की कुलाबा. इथे कुठे बसायचं हे तुमच्या स्वभावावर आहे. लिओपोल्ड १८७१ पासूनचं, भिंतीवर २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात, गर्दी टुरिस्टांची. माँडेगारमध्ये मारिओ मिरांडांची चित्रं अख्ख्या भिंतीभर आहेत आणि ज्यूकबॉक्स आहे, आवाज इतका की गप्पा मारायच्या तर ओरडायला लागतं, पण ज्यांना लाइव्ह म्युझिकनंतर पण गाणी पाहिजेत त्यांना आवडेल. आणि ताजच्या मागच्या गल्लीत गोकुळ. गोकुळ म्हणजे ट्यूबलाइट, फॉर्मायका, खटाखट सर्व्हिस, कॉलेजची पोरं, बोटीवरचे खलाशी, वकील, सगळे शेजारी शेजारी. सजावट शून्य आणि दर माफक. मी निवडणार तर गोकुळ, कारण कामावरून सुटल्यावर मला कुणी ॲम्बियन्स दाखवलेला चालत नाही. एसी आणि नॉन-एसी सेक्शनचे दर वेगळे असतात हे जुन्या परमिट रूममध्ये सगळीकडेच, बसायच्या आधी कुठल्या मजल्याचा काय रेट ते विचारा. समोरच बडेमियाँ आहे, १९४६ पासून, दीडला बाहेर पडून कोणाला परत भूक लागलीच तर.

एखाद्याचा वाढदिवस वगैरे असेल आणि एकदाच उधळायचं असेल तर ताजमधला हार्बर बार, १९३३ चा, शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून त्याची ओळख आहे. एकच ड्रिंक घ्यायचं, खिडकीतून गेटवे बघायचा, आणि बिल देऊन गोकुळला यायचं. दोन्हीमध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर आहे आणि बिलात काही हजारांचं.

परत दादर. सहा जण म्हणजे दोन टॅक्सी, काळी-पिवळी चारच घेते. रिक्षा शोधत बसू नका, माहीमच्या आणि सायनच्या अलीकडे शहरात रिक्षाला परवानगीच नाही, नाशिकच्या माणसाला हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतो, रात्री बारा ते पाच २५ टक्के जास्त, कुलाबा ते दादर साडेतीनशेच्या आसपास धरा. 'पाचशे होईल, मीटर बंद आहे' म्हणाला तर पुढची टॅक्सी, कुलाब्यात त्या वेळीही भरपूर असतात. लोकलने जायचं तर साडेबाराच्या आत चर्चगेट गाठा, शनिवारी त्या गाड्यांना बऱ्यापैकी गर्दी असते.

आता समजा तुम्हाला दक्षिण मुंबईपर्यंत जायचंच नाही, दादरमध्येच राहायचंय. मग शिवाजी मंदिरला नाटक बघा. शनिवारी रात्रीचा प्रयोग आठ-साडेआठला असतो, तिकीट साधारण तीनशे ते पाचशे. इथे मात्र माझा क्रम थोडा मोडावा लागतो, कारण नाटक सुटेपर्यंत अकरा वाजतात आणि दादरमधलं चांगलं जेवण तोवर झोपलेलं असतं. त्यामुळे नाटकाआधीच सिंधुदुर्ग किंवा चैतन्यमध्ये हलकं जेवा, मध्यंतरात बटाटेवडा (तो न खाता नाटक बघितलं तर ते बघितलं असं आमच्याकडे धरत नाहीत), आणि मग जवळपासच्या एखाद्या परमिट रूममध्ये दीडपर्यंत बसा. तिथे किचन उशिरापर्यंत असतं, चकण्याला शेंगदाणे, काकडी, चणे, आणि ज्याला भूक आहे त्याला पंजाबी-चायनीज काहीतरी. जुहूचं पृथ्वी हा आणखी एक पर्याय, १९७८ चं, जेमतेम दोनशे खुर्च्या, नट हाताच्या अंतरावर, बाहेर कॅफे, पण दादरहून अंतर आहे आणि उशीर झाला तर तिथेही आत घेत नाहीत, नट कितीही ओळखीचा असो.

आणि तिसरा पर्याय जो तुमच्यातला सगळ्यात तरुण मेंबर सुचवणार, लोअर परळ नाहीतर वांद्रे, 'चल ना पबमध्ये बँड ऐकू.' इथे मी नावं देणार नाही, कारण ही नावं टिकत नाहीत. ब्लू फ्रॉग नावाची जागा लोअर परळच्या गिरणीच्या कंपाउंडात २००७ ला उघडली, देशातली बहुधा सगळ्यात चांगली साउंड सिस्टिम होती, जगभरचे लोक वाजवून गेले, आणि २०१६ ला बंद. इतकी चांगली जागा नऊ वर्षं टिकते तर बाकीच्यांचं काय. म्हणून जागा कशी ओळखायची ते सांगतो, नाव कुठलंही असो.

फोन करून विचारा, आज बँड आहे की डीजे, आणि बँड आहे तर स्वतःची गाणी वाजवणारा आहे की बॉलिवूड कव्हर, म्हणजे सिनेमातली गाजलेली गाणी वाजवणारा. शुक्रवार-शनिवारी बहुतेक ठिकाणी कव्हरच असतं, मालकाला टेबलं भरायची असतात, ज्यांना नवीन काही ऐकायचंय त्यांनी मंगळवार ते गुरुवार यावं. त्यात वाईट काही नाही, सहा जणांना सोबत गायचं असेल तर कव्हर बँडच बरा. दुसरं, कव्हर चार्ज परत वळता होतो का, म्हणजे त्यातून खायला-प्यायला मिळतं का, आणि फक्त दारूवर की जेवणावरही, कारण तुमच्यातले दोघं पीत नाहीत आणि त्यांचे हजार-दीड हजार मोसंबी ज्यूसमध्ये कसे संपणार.

बसायचं कुठे हे तर कोणीच विचारत नाही. स्टेजच्या समोरचं पहिलं टेबल हे सगळ्यात वाईट, तिथे तुम्हाला गायक ऐकूच येत नाही, ड्रम आणि गिटारचा ॲम्प्लिफायर थेट कानात, गाण्याचे शब्द तुमच्या डोक्यावरून मागे जातात. कोपराही नको, कोपऱ्यात बास, म्हणजे खालचा जड आवाज, जमा होतो, पोटात धडधडतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं तेव्हा लोक दारूला दोष देतात. काचेच्या भिंतीला पाठ लावून बसू नका. माझ्यासारखा माणूस जिथे मिक्सर घेऊन उभा आहे त्याच्या आसपासचं टेबल मागा, आम्ही सगळं आमच्या कानाने जुळवतो, त्यामुळे त्या जागेवर आवाज सगळ्यात बरा लागतो. बँड साधारण पाऊण-पाऊण तासाचे सेट वाजवतो. पहिला सेट ऐकायचा, तेव्हा गर्दी कमी, गळा ताजा. दुसरा नाचायचा. तिसरा असलाच तर त्यात आम्ही पण घड्याळच बघत असतो.

फर्माईश चिठ्ठीवर लिहून वेटरकडे द्या, गाणं चालू असताना गायकाच्या कानात जाऊन ओरडू नका. आणि 'आमचा मावसभाऊ फार छान गातो, त्याला माइक द्या' हे प्लीज नको. तो खरंच छान गात असेल. त्याने माइक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी वाजते ती मला ऐकायला लागते.

एक गंभीर गोष्ट. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं गेली. तेव्हापासून मी कुठेही वायरी टाकायला गेलो की आधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघतो, तो उघडतो का ते बघतो, आणि त्याच्यासमोर बिअरचे क्रेट रचलेत का ते बघतो. तुम्ही पण आत शिरल्यावर एकदा बघा, दहा सेकंद लागतात. वर बांबू, कापड, ताडपत्री असली सजावट आणि खाली हुक्का किंवा फायर शो असेल तर मी तिथून उठतो, बँड कितीही चांगला असो.

ऑर्केस्ट्रा बारबद्दल तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय, 'तिथे पण लाइव्ह असतं ना?' असतं, आणि माझे चांगले दोस्त तिथे की-बोर्ड, ऑक्टोपॅड वाजवतात, काही गायिकांचा सूर असा पक्का की रिॲलिटी शोवाले लाजतील. परवान्यात स्टेजवर आठच कलाकारांची मर्यादा असते, त्यातही चार बायका चार पुरुष अशी अट होती, ती सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये काढून टाकली. पण तिथला सगळा हिशोब फर्माईश आणि त्यावर उडवलेले पैसे असा चालतो, बिल कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही, आणि सहा जणांच्या मिक्स ग्रुपला तिथे अवघडल्यासारखं होईल. नको.

पैशांचं थोडं. बिलात दोन भाग येतात, जेवणावर ५ टक्के जीएसटी आणि दारूवर व्हॅट, तो नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये १० टक्के झाला, शिवाय २०२५ च्या मध्यात सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्कही वाढवलं, त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या ब्लॉगवरचे दर विसरा. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. काढायला सांगा, शांतपणे, आणि तेवढेच पैसे वेटरच्या हातात द्या. पेग समोर मापाने ओतून घ्या, स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. सहा जण असाल आणि चौघं एकच ब्रँड पिणार असाल तर जुन्या परमिट रूममध्ये क्वार्टर किंवा अख्खी बाटली मागवणं पेगपेक्षा स्वस्त पडतं.

न पिणाऱ्या दोघांना मात्र 'तू काय, तुझं काय बिल येणार' म्हणत शेवटी सहात समान भाग करू नका. मी कित्येक टेबलांवर मैत्री तिथे आंबट होताना बघितलीय. खाण्याचं बिल सहात, दारूचं चौघांत, हे बसतानाच सांगून टाका, वेटर दोन वेगळी बिलं आनंदाने बनवतो.

वय. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की-रमला २५ पूर्ण लागतात, मावसभाऊ तेवीसचा असेल तर पब त्याला थांबवू शकतो, ओळखपत्र सोबत ठेवा. कायद्याने दारू प्यायला परमिट पण लागतं, १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं हे शेपूट अजून आहे, एका दिवसाचं ५ रुपयांत बारमध्येच मिळतं. आणि गाडी घेऊन येत असाल तर ती दादरच्या लॉजवरच ठेवा. शनिवारी रात्री मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्रे सगळीकडे नाकाबंदी असते, शंभर मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलात की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ३० मिलिग्रॅम म्हणजे फार नाही, 'दोनच घेतल्या होत्या' हे वाक्य पोलिसांना पाठ आहे.

तारीख अजून ठरली नसेल तर कॅलेंडर बघून ठरवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ड्राय डे, अनंत चतुर्दशीला पण, आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास. ३१ डिसेंबरला येऊ नका. सरकार त्या रात्री सहसा पहाटे पाचपर्यंत सूट देतं म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण तेच जेवण तिप्पट दरात, बँडचा साउंड चेक गर्दीतच, आणि टॅक्सी कुठेच नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला साधा शनिवार धरा, हवा पण बरी असते. एनसीपीएचं तिकीट आधी काढून टाका, आणि जेवणाच्या टेबलासाठी शनिवारी दुपारी फोन करून नऊ-सव्वानऊची वेळ सांगा, सहा जणांना त्या वेळी आयत्या वेळचं टेबल फोर्टात कोणी देत नाही.